इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत: पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी शब्दसंग्रहाची पद्धत

‘रोज दहा शब्द, प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून काढ.’ बहुतेक घरांत इंग्रजी शब्दसंग्रहाचा अभ्यास इथे सुरू होतो आणि इथेच संपतो. शुक्रवारच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळतात, पंधरा दिवसांनी निम्मे शब्द गायब होतात आणि निबंधात त्यातला एकही उतरत नाही. मूल मेहनत करत असतं, चुकतो तो क्रम. आधी स्पेलिंग घोकायचं, मग एकच मराठी अर्थ पाठ करायचा आणि वापर कधी करायचाच नाही, असा तो उलटा क्रम असतो.

खालची पद्धत मराठी माध्यमातल्या आणि सेमी-इंग्रजीतल्या मुलांसाठी आहे. घरातल्या मोठ्या माणसाला फर्डं इंग्रजी यायला हवं असं नाही. रोज पंधरा मिनिटं शेजारी बसता आलं पाहिजे आणि त्या वेळात गप्प राहता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

आधी जमवाजमव

कार्डशीटचे पत्त्यांएवढे तुकडे कापून घ्या, सुरुवातीला शंभर पुरेत. जुन्या वहीची पानं चालत नाहीत, कारण पातळ कागदातून मागचं उत्तर दिसतं आणि मुलांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात येतं. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून चार कप्पे करा. एक शंभर पानी वही घ्या. उच्चार ऐकवणारा शब्दकोश असलेला मोबाइल हवा आणि शक्यतो घरात एक छापील इंग्रजी-इंग्रजी-मराठी शब्दकोशही हवा.

वाचायला यंदाचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक घ्या आणि त्याच्या खालच्या दोन इयत्तांचीही पुस्तकं ठेवा. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ सोयीचं आहे. तिथे गोष्टी पातळीनुसार लावलेल्या असतात आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही असतात आणि इंग्रजीतही.

वेळ रोजचा हवा, आठवड्याचे पाच-सहा दिवस आणि जेवणाआधी. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

एक खुलासा आत्ताच करतो. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत छापले आहेत. कार्डावर इंग्रजी शब्द आणि इंग्रजी वाक्यं रोमन लिपीतच लिहायची. या बाबतीत लेखाची नक्कल करू नका.

टप्पा १: मूल कुठे उभं आहे ते बघा

पाठ्यपुस्तकातला अजून न शिकवलेला, साधारण शंभर शब्दांचा उतारा निवडा. ज्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही त्याखाली मुलानं पेन्सिलीनं रेघ मारायची. शंभरात दोन-तीन रेघा आल्या तर ते पुस्तक मूल स्वतः वाचू शकेल. पाचपर्यंत रेघा असतील तर शेजारी बसून वाचता येईल. त्याहून जास्त आल्या तर खालच्या इयत्तेचं पुस्तक उघडा. दर ओळीला दोन अनोळखी शब्द अडखळवत असतील, तर आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधणं जमत नाही आणि वाचनातून शब्द वाढण्याची वाटच बंद होते.

सातवीतल्या मुलाला पाचवीचं पुस्तक हातात घेणं कमीपणाचं वाटतं, ते स्वाभाविक आहे. अशा वेळी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्याच पातळीची गोष्ट द्या. गोष्टीवर इयत्ता छापलेली नसते.

*तपासा:* ‘हा शब्द येतो का?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘या वाक्याचं मराठी सांग’ असं म्हणा.

याच टप्प्यावर आणखी एक काम करा. मुलाच्या तोंडात आधीच असलेले इंग्रजी शब्द वहीत उतरवून घ्या. चार्जर, रिचार्ज, बॅलन्स, ओव्हर, विकेट, डिस्काउंट, प्लॅटफॉर्म, सिग्नल, अॅडमिशन, टाइमटेबल अशी दोन-तीन पानं सहज भरतात. या शब्दांचा अर्थ शिकवावा लागत नाही, फक्त स्पेलिंग जोडायचं असतं. ‘मला इंग्रजी येतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला ही पानं दाखवली की त्याची कुरकुर बरीच कमी होते.

काही शब्द मात्र मराठीत येऊन बदललेत, त्यांच्यावर फुली मारून ठेवा. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खायला जातो, पण इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. नुसतं खायला जायचं तर ‘रेस्टॉरंट’. ‘तो रस्ता डेंजर आहे’ असं आपण म्हणतो, इंग्रजीत तिथे ‘डेंजरस’ लागतं. ‘लाइट गेली’ याचं ‘लाइट वेंट’ होत नाही, ‘द पॉवर वेंट ऑफ’ होतं. हे शब्द नवे म्हणूनच शिकवायचे.

टप्पा २: शब्द निवडा, आणि कमी निवडा

दिवसाला चार नवे शब्द, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे आठवड्याला वीस आणि शाळेच्या तीस आठवड्यांत सहाशे. आकडा लहान वाटतो, पण वापरता येणारे सहाशे शब्द ही आठवीपर्यंतच्या मुलासाठी मोठी मिळकत आहे. बाजारात मिळणाऱ्या ‘पाच हजार शब्द’ छापाच्या पुस्तकातून अकारविल्हे पाठांतर करायला लावू नका. त्यातले पहिल्या पानावरचे शब्द मुलांना वर्षभरात पुन्हा कुठे भेटतच नाहीत.

शब्द कार्डावर घ्यायचा की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरवा. तो मुलाच्या वाचनात किंवा कानावर खरोखर आला आहे का? पुन्हा येण्याची शक्यता आहे का? या आठवड्यात मुलाला तो कशाबद्दल तरी वापरता येईल का? तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर घ्या. गोष्टीत एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचं नाव आलं असेल तर ते समजून घेऊन पुढे जायचं, कार्ड करायचं नाही.

निवडताना हमखास सुटणारे शब्द तीन प्रकारचे असतात.

एक, वाक्य जोडणारे लहान शब्द. अनलेस, ऑलदो, अंटिल, इन्स्टेड, ऑलमोस्ट. यांचं चित्र काढता येत नाही म्हणून चित्रमय शब्दकोशात ते नसतात. पण उताऱ्याचा अर्थ उलटा लागतो तो बहुतेकदा यांच्यामुळेच. ‘अनलेस’ कळला नाही तर ‘अभ्यास केला नाहीस तर’ आणि ‘अभ्यास केलास तर’ यांतला फरकच पुसला जातो.

दोन, प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं. डिस्क्राइब, कम्पेअर, एक्सप्लेन, मेन्शन, रीअरेंज, कम्प्लीट. उत्तर येत असूनही प्रश्न न कळल्यामुळे गुण जातात, आणि घरचे म्हणतात की धडा कच्चा आहे.

तीन, आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचे, विज्ञान-गणितातले साधे शब्द. ‘फोटोसिंथेसिस’ शिक्षक फळ्यावर लिहून समजावतात. पण त्याच वाक्यातले कंटेन, सरफेस, इन्क्रीज, रिमेन, सबस्टन्स, अबझॉर्ब हे शब्द येतात असं सगळेच गृहीत धरतात. मुलं पारिभाषिक शब्दाची व्याख्या घडाघडा म्हणतात आणि साध्या क्रियापदाला अडतात. विज्ञानाचं पुस्तक उघडून एका पानावर पारिभाषिक शब्द सोडून बाकीच्यांना रेघा मारायला सांगा, मग कळेल.

*सावध:* विरुद्धार्थी किंवा जुळे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं आणि ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं हे एकाच बैठकीत शिकवलं, तर दोन्ही शब्द पाठ होतात पण कुठला कोणता याचा घोळ कायमचा बसतो. ‘टीच’ आणि ‘लर्न’चंही तसंच, कारण मराठीत ‘शिकवणं’ आणि ‘शिकणं’ हे मुळातच जवळजवळचे. एक पक्का होऊ द्या, दोन आठवडे जाऊ द्या, मग दुसरा आणा. पाठ्यपुस्तकातल्या विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या उजळणीला चांगल्या, पहिल्या ओळखीला वाईट.

टप्पा ३: कार्ड लिहा

कार्ड मुलानंच लिहायचं. आईच्या सुवाच्य अक्षरातल्या कार्डांचा उपयोग आईला होतो.

पुढच्या बाजूला पुस्तकातलं पूर्ण वाक्य, शब्दाखाली रेघ. मागच्या बाजूला त्या वाक्यापुरता मराठी अर्थ, त्याखाली शब्दाचा एखादा जोडीदार, आणि जमलं तर लहानसं चित्र. बस. शब्दकोशातले सहा अर्थ उतरवून काढले की एकही राहत नाही.

जोडीदार म्हणजे काय, ते आपल्याच ‘कडक’ या शब्दावरून मुलांना पटकन कळतं. कडक चहाला इंग्रजीत ‘स्ट्राँग टी’ म्हणतात, कडक शिक्षकांना ‘स्ट्रिक्ट टीचर’, कडक बिस्किटाला ‘हार्ड’, कडक थंडीला ‘बिटर कोल्ड’. एका मराठी शब्दाला चार वेगळे सोबती आहेत. ‘स्ट्राँग म्हणजे कडक’ एवढंच पाठ केलेलं मूल ‘माय टीचर इज व्हेरी स्ट्राँग’ लिहितं आणि शिक्षक पहिलवान होतात. म्हणून कार्डावर सुटा ‘स्ट्रिक्ट’ कधी लिहायचा नाही, ‘स्ट्रिक्ट टीचर’, ‘स्ट्रिक्ट रूल’ असा जोडीनं लिहायचा.

‘करणं’ या क्रियापदाचा त्रास सर्वांत मोठा. मराठीत आपण अभ्यास करतो, चूक करतो, आवाज करतो, चहा करतो. इंग्रजीत ‘डू होमवर्क’, पण ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ नॉइज’, ‘मेक टी’. याला सोपा नियम शोधत बसू नका, जोडी तशीच्या तशी लक्षात ठेवायची.

*सावध:* इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची सवय फार पसरलेली आहे. डोळा आधी ओळखीच्या लिपीकडे जातो आणि खालची रोमन अक्षरं न बघताच वाचून होतं. फारच अडत असेल तर पहिल्या दिवशी पेन्सिलीनं लिहा आणि तिसऱ्या दिवशी खोडा.

टप्पा ४: आधी कान, मग स्पेलिंग

शब्दकोशाचं स्पीकरचं बटण दाबून शब्द तीनदा ऐकायचा, मग तीनदा म्हणायचा. स्पेलिंग त्या दिवशी नाही. दोन दिवस शब्द तोंडात खेळला की मग स्पेलिंगला हात घालायचा. आवाज न बसलेल्या शब्दाचं स्पेलिंग म्हणजे मुलासाठी टेलिफोन नंबर, आणि तो तसाच पाठ होतो.

आपल्या मुलांचं नेमकं कुठे चुकतं? अक्षर दिसलं की त्याचा पूर्ण उच्चार करण्यात. मराठीत जे लिहितो ते वाचतो, म्हणून ‘व्हेजिटेबल’मध्ये ‘टेबल’ येतं आणि ‘कम्फर्टेबल’मध्येही. ऐकून बघा, दोन्ही ठिकाणी टेबल नाही, शेवट नुसता ‘टबल’ असा येतो. शब्दात जोर कुठे द्यायचा तेही ऐकूनच कळतं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर आहे, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो.

स्पेलिंगसाठी दहा वेळा लिहून काढणं बंद करा. चौथ्या वेळेपासून फक्त हात चालतो. त्याऐवजी: शब्द नीट बघा, त्याचे तुकडे पाडा, कार्ड उलटं ठेवा, मनात म्हणा, लिहा, मग उघडून जुळवा. चुकलं असेल तर चुकलेल्या अक्षराभोवती लाल गोल करा आणि पुन्हा एकदाच लिहा. ‘नाइफ’च्या सुरुवातीचा मुका ‘के’, ‘आयलंड’मधला मुका ‘एस’ अशा जागी हा लाल गोल फार उपयोगी पडतो, कारण मुळात अवघड शब्द नसतो, त्यातलं एखादं अक्षर असतं.

टप्पा ५: चार कप्प्यांची उजळणी

सगळी पद्धत या टप्प्यावर तरते किंवा बुडते.

पहिल्या कप्प्यात नवी कार्डं, रोज बघायची. बरोबर आलं तर कार्ड दुसऱ्या कप्प्यात जातं, तो सोमवारी आणि गुरुवारी उघडायचा. तिथे बरोबर आलं तर तिसऱ्यात, तो फक्त शनिवारी. मग चौथ्यात, तो महिन्यातून एकदा. कुठल्याही कप्प्यात चुकलं की कार्ड थेट पहिल्यात परत. चौथ्या कप्प्यात लागोपाठ दोनदा बरोबर आलेलं कार्ड रबर लावून पिशवीत टाका, ते पक्कं झालं.

अंतर वाढत जाण्यात गंमत आहे. विसरायच्या बेतात आलेला शब्द ओढून आणला की तो घट्ट बसतो. आत्ताच पाहिलेला शब्द पुन्हा पाहून काही हाती लागत नाही, नुसतं ‘येतंय’ असं वाटतं.

पहिल्या दोन कप्प्यांत इंग्रजी बाजू दाखवून मराठी अर्थ विचारायचा. तिसऱ्या कप्प्यापासून उलट करा: मराठी बाजू दाखवायची (तिथला इंग्रजी जोडीदार बोटानं झाकून), इंग्रजी शब्द म्हणायचा आणि वहीत लिहायचा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चार पर्यायांतून निवडायचं असतं, तिथे ओळखीवर भागतं. पत्रलेखनात आणि निबंधात पर्याय कोणी देत नाही. पहिल्या प्रकारात हुशार ठरलेलं मूल दुसऱ्यात अडतं, ते याच कारणानं.

इथे मोठ्यांसाठी एकच नियम: कार्ड दाखवल्यावर मनात पाच अंक मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पहिलं अक्षर सांगायचं नाही, ओठ हलवून सूचना द्यायची नाही. आठवण्याची ती धडपड मुलानंच करायची असते. तुम्ही ती वाचवलीत तर उजळणी झालीच नाही असं समजा.

*तपासा:* पहिल्या कप्प्यात पंधरापेक्षा जास्त कार्डं साठली असतील तर नवे शब्द थांबवा. चार दिवस एकही नवा शब्द नाही, फक्त उपसा.

टप्पा ६: वापरायला लावा

दुसऱ्या कप्प्यात पोचलेल्या शब्दावर तीन तोंडी वाक्यं करायची: एक स्वतःबद्दल, एक प्रश्न, एक नकारार्थी. ‘बॉरो’ घेतला तर ‘आय बॉरोड अ पेन फ्रॉम समीर’, ‘कॅन आय बॉरो युअर सायकल?’, ‘डोन्ट बॉरो मनी’. पहिल्या वाक्यात ‘फ्रॉम’ आला की जोडीदारही आपोआप पक्का होतो. ‘दिस इज अ ...’ या साच्यात कुठलाही शब्द कोंबून दिलेलं वाक्य मोजायचं नाही, त्यातून शब्द कळल्याचं काहीच सिद्ध होत नाही.

शनिवारी वहीत पाच-सहा ओळी. विषय घरचाच घ्या: गल्लीतला क्रिकेटचा सामना, आजीचं मोबाइल शिकणं, एसटीचा प्रवास. आठवड्यातल्या वीसपैकी तीन-चार शब्द त्यात आले तरी पुष्कळ. सगळे वीस घालायला लावलं की वाचताना हसू येईल असं काहीतरी तयार होतं.

तपासताना फक्त या आठवड्याचे शब्द बघा. काळ चुकला, ‘अ’ आणि ‘द’ राहिला, तर या पानावर सोडून द्या. प्रत्येक ओळीत लाल शाई सांडली की पुढच्या शनिवारी मूल येणारे, सुरक्षित शब्दच वापरतं. तुम्हाला वाक्य बरोबर आहे की नाही ते कळत नसेल, तर मुलाला ते वाचून मराठीत समजावून सांगायला लावा आणि महिन्यातून एकदा ती वही इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा.

गुगलवर मराठी वाक्य टाकून आलेलं इंग्रजी उतरवणं हे या टप्प्यात चालणार नाही. आधी स्वतःचं वाक्य, मग हवं तर तुलना.

टप्पा ७: एका शब्दाचं कुटुंब

साधारण दोनशे कार्डं पक्की झाल्यावरच हे सुरू करा, आधी नाही. ‘केअर’ येत असेल तर केअरफुल, केअरलेस, केअरफुली, केअरलेसनेस हे जवळजवळ फुकट मिळतात. ‘अन’, ‘रि’, ‘डिस’ हे उपसर्ग आणि ‘फुल’, ‘लेस’, ‘नेस’, ‘मेंट’ हे प्रत्यय एवढे आठवीपर्यंत पुरे. उपसर्ग-प्रत्यय मुलं मराठीच्या व्याकरणात शिकतातच, तिथला धागा इथे जोडून द्या.

*सावध:* प्रत्येक ‘अन’ उपसर्ग नसतो, नाहीतर ‘अंकल’ म्हणजे ‘कल नसलेला’ होईल. आणि पेट्रोलच्या टँकरमागे लिहिलेलं ‘इन्फ्लेमेबल’ मुलांना मुद्दाम दाखवा. ‘इन’ दिसला म्हणून ‘न पेटणारा’ असा अर्थ काढला तर पंचाईत, तो ‘चटकन पेट घेणारा’ आहे. तुकडे पाडून काढलेला अर्थ हा अंदाज असतो, तो वाक्यात ठेवून बघायचा आणि मग शब्दकोशात.

अडलं तर

एकच कार्ड चार-पाच वेळा पहिल्या कप्प्यात परत येत असेल तर दोष कार्डाचा असतो. बहुतेकदा वाक्य अवघड असतं किंवा दोन सारखे शब्द एकमेकांत गुंतलेले असतात. ते कार्ड फाडा, मुलाच्या रोजच्या जगण्यातलं नवं वाक्य घेऊन दुसरं लिहा. तरीही जमलं नाही तर महिनाभर तो शब्द सोडून द्या.

घटक चाचणीच्या आठवड्यात नवे शब्द बंद, पहिला आणि दुसरा कप्पा मात्र पाच मिनिटं चालू. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल गावी जाणार असेल तर खोका बरोबर देऊ नका, तो तिथे उघडला जात नाही. तिसऱ्या-चौथ्या कप्प्यातली तीसेक कार्डं रबर लावून द्या आणि वाचायला दोन इंग्रजी गोष्टी द्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पिशवीतली ‘पक्की’ कार्डं एकदा सगळी काढा आणि मराठी बाजूनं विचारा. जी चुकतील ती पहिल्या कप्प्यात टाका, आणि तो कप्पा पुन्हा पंधराच्या खाली येईपर्यंत नव्या इयत्तेचा एकही शब्द घेऊ नका.